पाच जणांची सूट

परीक्षा पास झाली तर नीलांबरीला महिन्याला चौदाशे युरो जास्त मिळणार होते. शिवाय नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकोनात, जिथे आजवर ती दुसऱ्यांची नावं टाइप करत आली होती, तिथे स्वतःचं नाव आणि खाली शिक्का. नापास झाली तर तेच अर्धवेळ ड्राफ्टिंग, त्याच पगारावर, आणि पुढच्या जानेवारीत त्या जागेची जाहिरात बाहेर. तिच्या साहेबीण मार्लूस यांनी हे सगळं एका व्हिडिओ कॉलमध्ये चार मिनिटांत सांगितलं होतं. झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या त्यांच्या छोट्या विद्युत सल्लागार कंपनीला अमेरिकेतलं मोठं काम मिळालं होतं. तिकडे जाणाऱ्या नकाशांवर तिकडचं लायसन्स असलेल्या इंजिनिअरचा शिक्का लागतो, आणि कंपनीत तसा जो एकच माणूस होता तो २०२१ च्या शेवटी निवृत्त होणार होता. डिसेंबरअखेरपर्यंत पास हो, जागा तुझी. क्लासची आणि परीक्षेची फी पास झाल्यावर परत.

हा झाला नीलांबरीचा फायदा. विश्वासला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मिळणार होती चाळीस टक्के सूट. दोघांपैकी जास्त कोण उत्साहात होतं हे २०२१ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावी त्यांच्या घरी कुणी डोकावलं असतं तर लगेच कळलं असतं. पण तेव्हा कोरोनाच्या नियमांमुळे घरी पाहुणा दिवसाला एकच येऊ शकायचा, आणि तोही यायचा नाही.

नीलांबरी काही नवखी नव्हती. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तिनं सहा वर्षं ट्रान्सफॉर्मर तपासले होते. या लायसन्सच्या पहिल्या पायरीची परीक्षा ती २०१४ मध्येच, न्यू जर्सीला भावाकडे सुट्टीला गेली असताना, कुणाला न सांगता देऊन पास झाली होती. मग लग्न, संहिता, विश्वासची नेदरलँड्सची नोकरी, आणि पासपोर्टमध्ये अवलंबित पत्नीचा कागद. दुसरी पायरी तशीच राहून गेली. आता ती चढायची तर अभ्यासाला चांगला क्लास हवा, एवढं तिनं रात्रीच्या जेवणात सहज म्हटलं आणि तिथेच चुकली.

कारण विश्वास निवडणारा माणूस होता. व्हॅक्यूम क्लीनर निवडायला त्याला चार महिने लागले होते आणि तोवर घरात पुण्याहून आणलेल्या केरसुणीचा कारभार चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक्सेल उघडलं. तीन क्लास, बावीस रकाने. फी, तास, नोट्सची पानं, पास झालेल्यांचे फोटो, प्रत्येक रकान्याला वजन. पानांना त्यानं सगळ्यात जास्त वजन दिलं होतं.

"पहिला क्लास स्पष्ट पुढे आहे," तो म्हणाला. "पाच जाड बाइंडर घरपोच. दोन हजार शंभर पानं. वर रंगीत टॅब लावलेले, परीक्षेत पटकन पान सापडावं म्हणून. अकराशे युरो. पण पाच जणांचा ग्रुप केला तर सहाशे साठ."

"परीक्षा मला एकटीलाच द्यायची आहे."

"बाकीच्यांनी द्यायला कुठे हवी? नावं हवीत फक्त."

"आणि सहाशे साठ युरो कोण देणार, नाव द्यायला?"

विश्वासनं खुर्ची मागे सारली. याच प्रश्नाची तो वाट बघत होता. "ट्रेनिंग बजेट," तो म्हणाला. "सगळ्यांचं पडून आहे. कॉन्फरन्स बंद, प्रवास बंद. मार्चअखेर लॅप्स. रविकांतकडे साडेसातशे, सुबोधकडे सातशे, रूपालीकडे सातशे, माझ्याकडे आठशे. अकराशे कुणालाच परवडत नाहीत. सहाशे साठ सगळ्यांना बसतात."

यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणजे हिशेबात. रविकांत मेकॅनिकल शिकून बँकेत सॉफ्टवेअर तपासत होता. सुबोध आणि रूपाली हे नवराबायको दोघंही विम्याच्या कंपनीत डेटा सांभाळत होते. चौघांना आपापल्या मॅनेजरला 'टेक्निकल अपस्किलिंग' असं लिहून पाठवायचं होतं आणि मॅनेजर लोक त्या वर्षी काहीही मंजूर करत होते. संध्याकाळपर्यंत विश्वासनं व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकली. एक ते पाच. एक नंबरवर नीलांबरी.

तिनं यादी पाहिली. लॅपटॉप घेऊन खिडकीशी बसली आणि तिन्ही क्लासना एकच पत्र लिहिलं. डिसेंबरपासून ही परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आहे. आता हॉलमध्ये स्वतःचं एकही पुस्तक नेता येत नाही, त्यांचंच संदर्भपुस्तक पडद्यावर मिळतं. ऐंशी प्रश्न, आठ तास, म्हणजे प्रश्नाला सहा मिनिटं. तर ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंच्या फॉल्ट करंटचा प्रश्न आला, तर त्या पुस्तकात मी काय आणि कुठे शोधायचं, हे तुम्ही कसं शिकवता?

दुसऱ्या क्लासचं उत्तर दोन मिनिटांत आलं. त्यात एक घड्याळ उलटं चालत होतं आणि ते शून्यावर यायच्या आत पैसे भरले तर पंधरा टक्के कमी होत होते. पहिल्या क्लासचं उत्तर दोन दिवसांनी आलं. चिंता नको, आमच्या बाइंडरना एकशे चाळीस टॅब आहेत, परीक्षेच्या हॉलमध्ये कुठलाही विषय क्षणात सापडेल.

तिसरा क्लास म्हणजे ओहायोतले हॅरल्ड नावाचे एक निवृत्त इंजिनिअर, स्वतःच्या घरून, एका वेळी सहा विद्यार्थी. तेराशे युरो, सूट नाही. नोट्सची पानं शून्य, कारण नोट्सच नव्हत्या. त्यांनी लिहिलं होतं: तुमचा प्रश्न बरोबर आहे. पडद्यावरचं पुस्तक मलाही नवीन आहे. माझे तीन धडे त्याप्रमाणे बदलून झालेत, बाकीचे तुम्हा सहा जणांबरोबर बदलीन. तयार माल हवा असेल तर दुसरीकडे जावं. खाली तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं, पुस्तकातल्या दोन जागांसकट, आणि त्यातली दुसरी जागा का फसवी आहे हेही.

"मी यांच्याकडे जाणार," नीलांबरी म्हणाली.

विश्वासनं पत्र वाचलं. "तो स्वतःच म्हणतोय मला नवीन आहे."

"नवीन आहेच. बाकीच्या दोघांना नवीन काही आलंय याचाच पत्ता नाही. टॅब लावलेले बाइंडर मी कुठे लावू, पडद्याला?"

"पण दोन हजार शंभर पानं आहेत, नीला. काहीतरी असेलच ना त्यात."

"आपण पुण्यात क्लास असेच निवडायचो. नोट्स जाड आणि पेपरात फोटो मोठा."

"त्यावरच पास झालो ना?"

"तू झालास. मी लायब्ररीत बसून झाले."

"एक्सेलमध्ये तो तिसरा येतोय," विश्वास म्हणाला, पण आवाज उतरला होता. मग खरी गोष्ट बाहेर आली. "यादी गेलीय गं ग्रुपवर."

ही अडचण मात्र खरीखुरी होती. आल्मेरेतल्या मराठी घरांचा अर्धा संसार याद्यांवर चालतो. हापूसच्या पेट्या, दिवाळीचा फराळ, भाकरीचं पीठ, सगळं ठरावीक संख्या झाली तरच येतं, आणि यादीत नाव दिलं की दिलं. मधूनच नाव काढणाऱ्याची तीन वर्षं आठवण काढली जाते.

शनिवारी रविकांत तिला वेअरवॉटरच्या काठी भेटायला आला. दोघं दीड मीटर अंतर राखून तळ्याभोवती चालू लागले. त्याच्या हातात थर्मास होता आणि चेहऱ्यावर शिष्टाई.

"वहिनी, तुम्ही निघालात तर आम्ही चार उरतो."

"हो."

"चारांना सूट नाही. अकराशे माझ्या बजेटमध्ये बसत नाहीत."

"मग नका घेऊ क्लास."

"बजेट लॅप्स होईल ना."

नीलांबरी थोडं चालली. "रविकांत, तुम्हाला ट्रान्सफॉर्मर कसा चालतो माहीत आहे?"

"नाही. म्हणून तर शिकायचंय."

"परीक्षा देणार आहात?"

"छे. सर्टिफिकेट मिळतं म्हणे हजेरीचं." त्यानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तिनं तो अंतर राखून उचलावा म्हणून काठावरच्या बाकावर ठेवला. "आम्ही कुणासाठी जमलो, वहिनी? तुमच्यासाठीच ना. आता नवरदेवच मांडवातून निघाला तर वऱ्हाडानं काय करायचं?"

"जेवून घ्यायचं," नीलांबरी म्हणाली. "वऱ्हाड जेवायलाच आलं होतं."

रविकांत हसला, पण हटला नाही. "मे महिन्यात आंब्याची यादी मीच करतो," तो म्हणाला. "तेव्हा असंच कुणी आयत्या वेळी निघालं, तर पॅलेट येणारच नाही. एवढंच म्हणतोय."

चहा चांगला होता. तो संपेपर्यंत नीलांबरीनं विचार केला. या माणसाला ती नको होती, पाचवं नाव हवं होतं. विश्वासला तिच्या जागी पाचवं नाव हवं होतं. आणि वर्ग ऑनलाइन असल्यावर ते नाव आल्मेरेत राहायला कशाला हवं?

तिनं घरी येऊन नाशिकला फोन लावला. सासऱ्यांना, रवींद्ररावांना, वीज मंडळातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. गेले दहा महिने ते घराबाहेर पडले नव्हते. फोन सासूबाईंनी, कुमुदिनीबाईंनी, उचलला.

"यांनी मसाल्याच्या डब्यांना नंबर घातलेत," त्या म्हणाल्या. "हळद चार नंबर. भाजी करताना मला यादी बघावी लागते. काही काम असेल तर सांग बाई यांना."

"त्यासाठीच फोन केलाय, आई."

रवींद्ररावांनी सगळं ऐकून घेतलं. "अमेरिकेचा क्लास? आठवड्यातून दोनदा? आणि मला परीक्षा द्यायची नाही?"

"नाही बाबा. हजेरी लावायची."

"आणि त्यांचं चुकलं तर सांगितलेलं चालतं का?"

"चालतं म्हणजे, चालवून घेतील."

"फी?"

"विश्वास भरणार आहे."

"मग विचारतेस काय," रवींद्रराव म्हणाले.

विश्वासनं गणित मांडून पाहिलं. बायकोच्या क्लासवर चारशे चाळीस युरो वाचवायला तो निघाला होता. आता बायको आपल्या पगारातून तेराशे भरून दुसरीकडे जात होती आणि सहाशे साठ भरून तो वडिलांना क्लासला घालत होता. पण ग्रुप टिकत होता, सूट मिळत होती आणि यादीत पाच नावं होती. त्यानं पैसे भरले.

मार्चमध्ये पाच बाइंडरांचे पाच संच एकत्र आले, पंचवीस बाइंडर, एवढे की कुरियरवाल्यानं ढकलगाडी आणली. बरोबर आयात कर आणि हाताळणीचं बिल, दोनशे चौदा युरो. ते कुणाच्याच ट्रेनिंग बजेटमध्ये बसत नव्हतं. विश्वासनं बिलाचा फोटो ग्रुपवर टाकला. चार जणांनी तो पाहिला, निळ्या खुणा उमटल्या, आणि सुबोधनं पाऊण तासानं आल्मेरेत बर्फ पडणार असल्याची बातमी टाकली.

क्लासमध्ये रविकांत तीनदा आला, कॅमेरा बंद ठेवून. सुबोध आणि रूपाली आळीपाळीनं येत, एकाच सोफ्यावरून. विश्वासला त्याच वेळी नेमक्या मीटिंग असत. एप्रिलनंतर युरोपच्या गटातून हजर राहणारे एकटे रवींद्रराव उरले, इस्त्रीचा शर्ट घालून, नाशिकहून. शिकवणारा तरुण पोरगा पहिले दोन आठवडे त्यांच्या शंकांना दचकत असे. नंतर तो स्वतःच मधे थांबून विचारू लागला, बरोबर आहे ना, मिस्टर रवींद्र?

नीलांबरीचा वर्ग शनिवारी दुपारी चारला. संहितेला सहा वर्षं झाली होती. दार लावल्यावर आईला हाक मारायची नाही, हे तिला सांगितलेलं होतं. ती दाराखालून चिठ्ठ्या सरकवायची. त्यांच्यात इंग्रजीतून टोस्टबद्दल चौकशी असायची.

ऑगस्टमध्ये हॅरल्डनी सराव परीक्षा घेतली. नीलांबरीला ऐंशीपैकी शेहेचाळीस मिळाले. एवढ्यानं भागेल असं ते काही म्हणाले नाहीत.

विश्वासला हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी तो जपून म्हणाला, "पहिल्या क्लासची शेवटच्या महिन्याची बॅच निघाली आहे. जुन्या ग्रुपला वीस टक्के."

"मला येत नाही असं वाटतंय तुला?"

"मला वाटतंय, शेहेचाळीस आलेत."

"चुकलेल्यात वीस असे आहेत की मी हातच लावला नाही. वेळ संपला. मला येत होते." तिनं हॅरल्डचं पत्र त्याच्यासमोर धरलं. त्यांनी लिहिलं होतं, तुम्हाला विषय येतो, पण त्या पुस्तकात तुम्ही परक्या स्वयंपाकघरात मीठ शोधावं तशा फिरता. यापुढे गणितं सोडवू नका. फक्त जागा शोधा.

"आणि हे कोण करून घेणार?"

"ज्यांच्याकडे दोन हजार शंभर पानांचे प्रश्न आहेत आणि दिवसभर वेळ आहे ते."

तर रविवारी सकाळी नीलांबरी भाजी चिरायला घ्यायची, टेबलावर फोन उभा असायचा, आणि रवींद्रराव नाशिकहून, विश्वासनं स्कॅन करून पाठवलेल्या बाइंडरातून, प्रश्न वाचायचे. उत्तर द्यायचं नाही. फक्त पुस्तकातलं प्रकरण आणि आतला मथळा.

"मोटर सुरू होताना व्होल्टेज किती पडेल."

"मशीन्स. इंडक्शन मोटर. तिसरा तक्ता."

"अकरा सेकंद. सावकाश आहे. जमिनीखालच्या केबलची जाडी."

"कोड. केबलचे तक्ते, शेवटून दुसरा."

"सात. वांगी करतेस का?"

"भेंडी, बाबा."

"भेंडीला एवढा आवाज नाही होत. पुढचा. रिलेचा वेळ."

मागून कुमुदिनीबाईंचा आवाज यायचा, की हिला चिरू तरी द्या नीट, बोट कापेल. रवींद्रराव म्हणायचे, परीक्षेत बोटांचं काम नाही. ऑक्टोबरात सरासरी पाच सेकंदांवर आली. दुसऱ्या सराव परीक्षेत एकसष्ट.

यात एक प्रश्न कुणाच्याच हातातला नव्हता. युरोपातून अमेरिकेत जायला बंदी होती. उन्हाळाभर रविकांत भेटला की अंतर राखून विचारायचा, "वहिनी, अभ्यास झाला, पण हॉलपर्यंत पोहोचणार कशा?" ती म्हणायची, उघडेल. एवढ्या खात्रीनं की रविकांतला वाटलं हिला आतली बातमी आहे. आतली बातमी काही नव्हती. पास होण्यासाठी जे करायचं ते तिच्याकडे होतं, सरहद्द उघडायचं काम दुसऱ्या कुणाचं होतं, आणि दोन्हींची काळजी करायला तिला वेळ नव्हता. ऑक्टोबरात घोषणा झाली, आठ नोव्हेंबरपासून लस घेतलेल्यांना प्रवेश. घोषणेच्या दिवशीच दुपारी तिनं आपल्या पैशांनी तिकीट काढलं आणि तेवीस नोव्हेंबरची जागा धरली. जुना दहा वर्षांचा व्हिसा अजून चालत होता. संध्याकाळी विश्वासनं दाखवून दिलं की चार दिवस थांबली असती तर तिकीट साठ युरोंनी उतरलं असतं.

न्यू जर्सीला भावानं, अनिमेषनं, तिला सकाळी केंद्रावर सोडलं. आत खिसे उलटे करून दाखवायचे, चष्माही तपासतात. वही नाही, पुस्तक नाही, घड्याळ नाही. शेजारी एक गोरा गृहस्थ पहारेकऱ्याला विचारत होता की निदान टॅब लावलेलं एक पुस्तक तरी. पहारेकरी मान हलवत होता. नीलांबरीनं पडद्यावरचं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच प्रश्नाला भेंडीचा वास आल्यासारखं झालं. साडेसातव्या तासाला सगळे ऐंशी प्रश्न संपले होते. उरलेल्या वेळात तिनं खुणा केलेले नऊ पुन्हा पाहिले, दोन बदलले, आणि बाहेर येऊन भावाला म्हणाली, "काहीतरी खायला घाल."

निकाल आठवड्यानं, बुधवारी, आल्मेरेत आला. शाळा सुटायची वेळ होती, ती सायकल काढत होती. फोन पाहिला, कुलूप पुन्हा लावलं आणि घरात आली. विश्वास मीटिंगमध्ये होता. त्यानं आवाज बंद केला.

"पास," ती म्हणाली.

तो उभा राहिला, हेडफोनची वायर तुटता तुटता वाचली. तिला मिठी मारली, पडद्यावरच्या अकरा डच माणसांसमोर. मग म्हणाला, "किती मार्क?"

"मार्क सांगत नाहीत. पास झालं की नुसतं पास."

"मग बाकीच्या क्लासशी तुलना कशी करायची?"

"नाही करता येत," नीलांबरी म्हणाली. "जा, संहितेला घेऊन ये. मला मार्लूसना फोन करायचाय."

मार्लूस यांनी या वेळी तीनच मिनिटं घेतली. जागा जानेवारीपासून तिची.

आता कुणी काय भरलं ते. विश्वास, रविकांत, सुबोध आणि रूपाली यांच्या जागांचे दोन हजार सहाशे चाळीस युरो झुइडासमधल्या तीन कंपन्यांनी भरले आणि त्यांना त्याबद्दल तीन हजेरीची सर्टिफिकेटं मिळाली. विश्वास एकदाही हजर नव्हता, त्याला तेवढंही मिळालं नाही. शंभर टक्के हजेरीचं सर्टिफिकेट नाशिकला गेलं. हॅरल्डचे तेराशे आणि परीक्षेची फी नीलांबरीला कंपनीनं पहिल्या नव्या पगाराबरोबर परत दिली, तिकीट मात्र तिचं तिला पडलं. पस्तीस शनिवार संहितेचे गेले, त्यांचं बिल अजून कुणी मागितलेलं नाही. रवींद्ररावांची जागा सहाशे साठ, बाइंडरांचा कर दोनशे चौदा, एकूण आठशे चौऱ्याहत्तर युरो. ते विश्वासनं भरले.